स्टार ट्रेक: आधी कर्क की पिकार्ड?

मैत्रिणीला 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची टीव्ही मालिका बघायचीय, पण सुरुवात कॅप्टन कर्कच्या मूळ मालिकेपासून करावी की कॅप्टन पिकार्डच्या 'नेक्स्ट जनरेशन'पासून, यावर ती अडलीय.

वेळेचं म्हणाल तर मूळ मालिका (१९६६-६९) ७९ भागांत संपते. 'नेक्स्ट जनरेशन' (१९८७-९४) सात सीझनची. मूळ मालिकेचे सेट आज पुठ्ठ्याचे वाटतात, पण कर्क आणि त्याचे सहकारी स्पॉक, मॅकॉय यांची जुगलबंदी लगेच रंगते. 'नेक्स्ट जनरेशन'चा पहिला सीझन खरंच रटाळ आहे. तिसऱ्यापासून मात्र ती अशी बहरते की सोडवत नाही. धीर नसेल तर दुसऱ्या सीझनमधल्या 'द मेझर ऑफ अ मॅन'पासून सुरू करा: डेटा हा यंत्रमानव कुणाची मालमत्ता आहे का, यावरची सुनावणी. बहुतेक भाग सुटे असल्याने काही अडत नाही.

थोड्या वेळात मूळ चव हवी असेल तर कर्क. विचारात पाडणाऱ्या गोष्टी आणि लांबची सोबत हवी असेल तर पिकार्ड.