वन्समोर आला आणि ट्रॅक संपला

गेल्या रविवारी 'संगीत संशयकल्लोळ'चा नवा प्रयोग बघून आलो. नवा म्हणजे कपडे आजचे, घर फ्लॅटमधलं, आणि सगळा मामला २ तास १० मिनिटांत आटोपलेला. सांगलीतल्याच हौशी मंडळींनी बसवलाय. तिकीट १५० आणि २००. मी दीडशेची तीन काढली, चौदाव्या रांगेतली. एक माझं, एक धाकट्या लेकीचं आणि एक हरिपूरच्या आत्याचं.

आधी माझं सांगतो. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानावर दिवाणजी. नाटकातलं फार कळतं असं नाही. पण व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो तेव्हा त्याच्या तोंडावर काय उमटतं, हे बघण्यात माझी तीस वर्षं गेली. ती खोड नाटकातही सुटत नाही. अर्धं लक्ष स्टेजवर, अर्धं खुर्च्यांवर. त्यामुळं हे लिहिलंय ते नाटकाबद्दल थोडं आणि बघणाऱ्यांबद्दल जास्त आहे.

आत्या ८१ वर्षांची. संगमेश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर राहते, आणि हे नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल तिच्या लेखी शेजारचेच. देवल जन्मले १८५५ साली हरिपुरात, वारले १९१६ ला, आणि आत्या जन्मायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण बोलते असं की काल पारावर बसलेले बघितले. लहानपणी गणपतीत तिनं हे नाटक रात्रभर बघितलंय. साडेनऊला पडदा वर, पहाटे घरी. मी म्हटलं, "आत्या, आता दोन तासांत संपतंय." तर म्हणाली, "मग पदं कुठं ठेवलीत त्यांनी? घरी?"

हा प्रश्न तिनं गाडीत बसतानाच विचारला होता. नाटक संपल्यावर मला त्याचं महत्त्व कळलं.

गोष्ट सगळ्यांना माहीत असेल, तरी नव्या पोरांसाठी सांगतो. रेवतीला रस्त्यात चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतात, आणि नेमकं तेवढंच त्यांची बायको कृत्तिका खिडकीतून बघते. रेवतीच्या हातून तिच्या अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि ती हातात धरून बघत असलेली फाल्गुनरावांना दिसते. झालं. चार माणसं, चार संशय, आणि प्रत्येकाकडं पुरावा.

या मंडळींनी खिडकी काढून टाकली. कृत्तिका घरात बसून सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्र मोबाईलवर बघते. गेटपाशी नवरा एका बाईला धरून उभा. चित्र आहे, आवाज नाही. फाल्गुनरावांचा नोकर भादव्या, त्याचा त्यांनी सोसायटीचा वॉचमन केलाय, आणि तो पुढं म्हणतो, "वैनी, क्यामेऱ्याला डोळं हाईत, कान न्हाईत." या वाक्याला जी शिट्टी पडली ती बाल्कनीतून खालपर्यंत आली. मला ही कल्पना मनापासून आवडली. खिडकीतून बघणाऱ्या बाईला निदान हाक तरी मारता येते. सीसीटीव्ही बघणारी काय करणार? मागं घेऊन परत बघणार. कृत्तिकेनं तसंच केलं, तीनदा, आणि दरवेळी तिचा चेहरा आणखी उतरत गेला. नाटकातलं सगळ्यात चांगलं काम तिचं.

तसबिरीचं मात्र त्यांनी थोडं फसवलं. तसबिरीच्या जागी रेवतीचा मोबाईल पडतो. कृत्तिका तो उचलते आणि फोटो बघू लागते, तर आमच्या पुढच्या रांगेतले एक काका मोठ्यानं म्हणाले, "लॉक न्हाई व्हय त्याला?" सगळं थिएटर हसलं. पण ती बाई तयारीची. तिनं मोबाईल प्रेक्षकांकडं फिरवला आणि म्हणाली, "उघडायला कशाला पाहिजे काका, वरच लावलाय!" म्हणजे अश्विनशेठचा फोटो लॉकस्क्रीनवरच. हे नाटकात लिहिलेलं होतं की तिला तिथं सुचलं, कोण जाणे. पण त्यानंतर दहा मिनिटं लोक तिच्या मुठीत होते.

मग त्या स्क्रीनचा खेळ. दर थोड्या वेळानं ती विझते. फाल्गुनरावांना फोटोतला माणूस नीट बघायचाय, आणि बघायला लागले की अंधार. त्यांना वाटतं बायकोच मुद्दाम बंद करतेय. पहिल्या चार रांगा हसून आडव्या. आम्हाला चौदाव्या रांगेत काय दिसलं? एक उजेडाचा ठिपका. लावला, गेला, लावला, गेला. आत्या मला विचारतेय, "काजवा धरलाय का त्यानं?" जुन्या नाटकात हातभर चौकट असायची, ती शेवटच्या माणसालाही दिसायची. दीडशेवाल्यांनी काय फक्त ऐकायला यायचं?

मोबाईलवरून आणखी एक. सुरुवातीला घोषणा झाली, मोबाईल बंद ठेवा. पहिल्या अंकात स्टेजवरचा फोन वाजला तर निम्म्या थिएटरचे हात खिशात गेले. मी स्वतः दोन्ही खिसे चाचपले. दुसऱ्या अंकात आमच्या डाव्या अंगाला खराच वाजला, आणि सगळे स्टेजकडं बघत बसले की आता फाल्गुनराव उचलणार. ज्याचा होता तोही.

मध्यंतरात वडापावच्या रांगेत दोन गट पडलेले. एक म्हणे, असल्या नाटकाला हात लावायचाच कशाला. त्यात आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर फारच तापलेले. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, त्या गावात हे बघायची वेळ आली, वगैरे. त्यांचा मान ठेवून मी गप्प राहिलो, पण इथं सांगतो. मूळ नाटक मोलिएरचं, फ्रान्समधलं, १६६० सालचं. त्यावरून मर्फी नावाच्या माणसानं इंग्रजीत आपलं एक केलं. त्यावरून देवलांनी १८९३ ला गद्य 'फाल्गुनराव' केलं. पदं घातलेलं 'संशयकल्लोळ' गंधर्व मंडळींनी रंगभूमीवर आणलं ते १९१६ ला. प्रत्येकानं हात लावलाय. देवलांनी लावला नसता तर फाल्गुनराव पॅरिसमध्येच बायकोवर संशय घेत बसला असता, आणि त्याला आपल्याकडची नक्षत्रं-महिन्यांची नावंही मिळाली नसती.

तेव्हा हात लावला याबद्दल माझी तक्रार नाही. कुठं लावला याबद्दल आहे.

रेवतीचंच घ्या. मुळात ती नायकिणीची मुलगी. लग्न करून संसाराला लागायचं तिच्या मनात, आणि जग तिला तसं मानायला तयार नाही. म्हणून अश्विनशेठच्या संशयाला धार आहे. तो संशय नुसत्या एका तसबिरीवरून आलेला नाही, तिच्या घरावरून आलाय. इथं तिला रील बनवणारी केलीय आणि मघा नायकिणीला तिची मॅनेजर आई. हसायला ठीक. "लाईक किती आले?" वगैरे. पण अश्विनशेठ तिच्यावर बिथरतो त्या प्रवेशात थिएटर दोन भागांत फुटलं. मागं कॉलेजच्या पोरींची रांग होती, त्यातली एक म्हणाली, "ब्लॉक कर ना त्याला, विषय संपला." बाकीच्या हसल्या, आणि मला वाटलं, खरंच की. या रेवतीचं काय अडलंय? जुन्या रेवतीचं सगळंच अडलेलं होतं. दिग्दर्शकानं तिची अडचण काढून घेतली आणि रडणं तेवढं ठेवलं.

फाल्गुनराव कृत्तिकेला उलटतपासणीला घेतात तिथं तर मला वेगळंच दिसलं. पुरुष हसत होते. बायकांच्या बाजूला, अगदी शांतता नाही म्हणणार, पण हसू थांबलं होतं. माझी लेक तर हाताची घडी घालून बसलेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, हे लोकांच्या घरात रोज चालतं. यात हसायचं काय?" मी काही बोलायच्या आत आत्याच म्हणाली, "अगं, आम्ही त्याला हसायचो. तिला नाही. एवढा मोठा बाप्या, आणि बायकोनं दाराची कडी लावली की ह्याचा जीव वर. घरात हसता येत नव्हतं, म्हणून तिथं हसायचो." लेक गप्प झाली. मीही. आत्याचे यजमान, आमचे काका, घरात कसे होते ते मला ठाऊक आहे.

आता पदांकडं येतो. त्यांनी सातच ठेवलीत, आणि तीही कापून. साथीला पेटी नाही, तबला नाही. लॅपटॉपवर ट्रॅक. साथीदारांची बिदागी परवडत नाही हे मला समजतं. हौशी मंडळींचं गणित आम्ही दुकानातही बघतो, वर्गणी मागायला येतात तेव्हा. पण संगीत नाटक ट्रॅकवर चालत नाही, आणि ते का चालत नाही हे रविवारी साडेचारशे माणसांनी डोळ्यांनी बघितलं.

रेवतीनं 'मजवरी तयांचे प्रेम खरे' घेतलं. पोरगी विशीतली असेल. छातीवरचा माईक साडीला घासून खरखर करत होता, तरी आवाज असा लागला की वडापावचे कागद वाजायचे थांबले. दोन मिनिटांत पद संपलं आणि उजवीकडून कुणीतरी ओरडलं, "वन्समोर!" मग दुसरा. मग आमची आत्या, ८१ वर्षांची, खुर्चीचा हात धरून अर्धी उठून, "वन्समोर!"

लॅपटॉपवरच्या पोराला काय करावं कळेना. त्यानं घाईत पुढचं बटण दाबलं आणि वाजली दाराची बेल. स्टेजवर दार नव्हतंच त्या प्रवेशात. पुन्हा दाबलं, तर फोनची रिंग. लोक हसायला लागले. अश्विनशेठ नुसता उभा. रेवतीनं विंगेकडं हात केला, थांब, आणि आमच्याकडं बघून म्हणाली, "रेंज गेली वाटतं." आणि बिनसाथीचं गायला लागली.

पहिल्यांदा ट्रॅकच्या मागं पळत होती, आता स्वतःच्या चालीनं गेली. एका जागी थांबली, परत फिरली, वर गेली. पुढच्या रांगेतल्या त्या लॉकवाल्या काकांनी खुर्चीच्या हातावर हळूच ठेका धरला. मग इकडून तिकडून बोटं वाजायला लागली. मागच्या कॉलेजच्या पोरी मोबाईल वर धरून रेकॉर्ड करत होत्या, आणि त्यातल्या एकीनं दुसरीला "श्शू" केलं. दोन मिनिटांचं पद सहा मिनिटं चाललं असेल.

तेव्हा मला आत्याचा गाडीतला प्रश्न आठवला. या नाटकात एक गैरसमज झाला की लगेच दुसरा येतो. मधे पद असलं की प्रेक्षकाला तो गैरसमज जिभेवर घोळवता येतो. आपल्याला सगळं ठाऊक आहे आणि स्टेजवरच्याला काहीच नाही, याची मजा त्या चार-सहा मिनिटांत मुरते. पदं कापली की नुसती पळापळ उरते. दुसऱ्या अंकात तसंच झालं. दारं उघडतायत, मिटतायत, लोक हसतायत, पण मधेच घड्याळ बघतायत. वन्समोरच्या वेळी कुणी घड्याळ बघताना मला दिसलं नाही.

शेवटी 'हृदयी धरा हा बोध खरा' ड्रमच्या ठेक्यावर लावून सगळ्यांना नाचवलंय. निम्मे लोक तोवर पार्किंगकडं निघालेले. आत्यानं मात्र बसून हात जोडले, आणि मग मला म्हणाली, "वरात आहे का ही?"

बाकी नेपथ्य साधं, स्वच्छ. फाल्गुनराव चांगले, पण ओरडतात फार. संशयी माणूस घरात कुजबुजतो. अश्विनशेठला सूर आहे, अभिनय येईल हळूहळू. वॉचमनच्या बोलीला पैकीच्या पैकी. जाणार असाल तर दोनशेचं तिकीट काढा, पन्नास रुपयांसाठी काजवा बघत बसू नका.

घरी आल्यावर आत्यानं तिकिटामागचा नंबर मला लावायला सांगितला आणि फोन स्वतः घेतला. पुढच्या प्रयोगाला पेटी असेल का, एवढंच विचारलं. पलीकडचा मुलगा म्हणाला, "आजी, पेटीवाले मिळाले तर बघतो." आत्या म्हणाली, "हरिपुरात एक आहे. माझ्या भाच्याकडं निरोप दे, तो घेऊन येईल."

भाचा म्हणजे मी. पेटीवाल्याचं घर अजून मला माहीत नाही.