होमस्कूलिंग: घोडबंदरचा फ्लॅट की मुरबाडकडचं गाव?

होमस्कूलिंग करायचं ठरलंय, पण ठाण्यातच राहायचं की मुरबाड-शहापूरकडे जायचं, इथे बऱ्याच कुटुंबांचं घोडं अडतं. आम्ही दोन्ही करून पाहिलंय. आधी घोडबंदर रोडला होतो, आता मुरबाड तालुक्यातल्या एका गावात आहोत. ‘तिकडे निवांत वेळ मिळत असेल ना?’ हा ठरलेला प्रश्न. तर नाही, निवांत वेळ शहरातच जास्त मिळतो. गावात कामं मिळतात, आणि त्या कामांत मुलांना हात घालता येतो.

फ्लॅटमध्ये नळाला पाणी असतं, कामाला मावशी येतात, किराणा दारात येतो. सकाळी टेबलावर बसलं की अकरापर्यंत गणित-भाषा उरकते. मग उरलेल्या दिवसाचं काय? तो भरायला क्लास लागतात. तबला, पोहणं, बुद्धिबळ, आणि सगळ्या बॅचेस संध्याकाळी, कारण इतर मुलं तेव्हाच शाळेतून सुटलेली असतात. घोडबंदरच्या ट्रॅफिकलाही नेमका तोच मुहूर्त सापडतो. शाळेची बस सुटते खरी, पण आईची ड्रायव्हरकी सुरू होते. मात्र १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय, येऊरचं जंगल, ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र हे सगळं हाताशी असतं, तेही इतर मुलं वर्गात असताना, गर्दीशिवाय. हे सुख गावात नाही.

गावात दिवस पाण्यापासून सुरू होतो. लाइट असेल तर मोटर लावायची, नसेल तर वाट बघायची. कोंबड्या सोडायच्या, गोठा झाडायचा, परसातल्या वांग्या-मिरच्यांना पाणी घालायचं. हे होईपर्यंत नऊ वाजतात आणि मुलं अभ्यासाआधीच दमलेली असतात. आवणीच्या दिवसांत तर पुस्तकं उघडतच नाहीत. चिखलात रोपं लावायला सगळं गाव उतरलेलं असताना मुलांना अपूर्णांक शिकवायला बसवणं आम्हाला तरी जमलं नाही.

पण अपूर्णांक येतात, वेगळ्या वाटेने. झोडणीनंतर भात मापायला पायली निघते. दोन अधोल्यांची एक पायली, चार शेरांची एक पायली. आमच्या धाकट्याने एकदा पायलीभर भात आणि पायलीभर तांदूळ वजनकाट्यावर ठेवून पाहिले. तांदूळ जड भरला. माप एकच, मग वजन वेगळं का, यावर दोन दिवस वाद चालला. शेवटी त्याचं त्यालाच सुचलं की तुसामुळे दाणा फुगीर होतो आणि मधे हवा राहते. घनता हा शब्द मी नंतर सांगितला. हे फ्लॅटमध्येही करता आलं असतं, पण तिथे मी ते ‘प्रयोग’ म्हणून करायला लावलं असतं आणि त्याने जांभई दिली असती.

सोबतीच्या बाबतीत गाव सरस असेल असं वाटतं. दिवसा तसं नसतं, जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलं संध्याकाळपर्यंत शाळेतच असतात. पण एकदा सुटली की नदी, झाडं, मेमधली करवंदं, पहिल्या पावसाआधीचे काजवे, आणि त्यासाठी कुणाच्या आईला फोन करून वेळ ठरवावी लागत नाही. उलट बाजूही आहे. सोसायटीत तुमची मुलं शाळेत जातात की नाही, याची कुणाला फिकीर नसते. गावात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करायला गुरुजी थेट ओट्यावर येतात. पटसंख्या घसरत असेल तर ‘आमच्याकडे घाला की’ असा प्रेमळ आग्रहही होतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य मानतो, न घातल्यास त्यांना शिक्षा मात्र सांगत नाही. हे नीट वाचून ठेवा, चहा पाजून बोला, भांडू नका.

दहावीचा हिशेब वेगळा. शाळेत न जाता दहावी देता येते ती एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून. तिच्या माध्यमिक परीक्षेला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय आणि नोंदणीपासून पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. मराठी माध्यमही आहे. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे भातकापणी, तेव्हा गावात राहणाऱ्यांनी एप्रिलचीच धरावी. विज्ञानाची प्रात्यक्षिकं, केंद्रावरचे हेलपाटे हे सगळं शहरातून सोपं पडतं. त्यामुळे माझं मत असं की, मूल दहा-अकरा वर्षांपर्यंतचं असेल तर गाव. तेरा-चौदाचं असेल आणि त्याचे मित्र ठाण्यात असतील, तर त्याला उचलून वाडीवर नेऊ नका, ते तुमचं स्वप्न आहे, त्याचं नाही.

घरातल्या एकाला रोज ऑफिस गाठायचं असेल तर मुरबाडचा नाद सोडा. इथे रेल्वे नाही, कल्याणपर्यंत एसटी किंवा स्वतःची गाडी. शहापूर बाजूला आसनगाव, आटगाव, खर्डी ही कसारा मार्गावरची स्टेशनं आहेत. घरून काम असेल तर आधी त्या घरातच बसून व्हिडिओ कॉल करून बघा. जमिनीच्या मोहात लगेच पडू नका. शेतकरी असल्याचा दाखला नसेल तर शेतजमीन घेता येत नाही, आणि आदिवासींची जमीन बिगरआदिवासींना परवानगीशिवाय घेता येत नाही. या दोन तालुक्यांत अशा जमिनी पुष्कळ आहेत. सातबारा वकिलाला दाखवा, तोपर्यंत गावठाणात भाड्याने राहा.

रात्रीचं एक सांगतो. मण्यार घरात शिरतो, म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपायचं नाही आणि मच्छरदाणी गादीखाली खोचायची. सर्पदंशावरची लस कुठल्या सरकारी दवाखान्यात असते, हे राहायला जायच्या आधी स्वतः जाऊन विचारा.

आणि घर हिवाळ्यात बघू नका, तेव्हा सगळीच गावं छान दिसतात. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा धरणं शहापूर तालुक्यात आहेत, तरी तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मे महिन्यात जा, विहिरीत बादली सोडून बघा, शेजारणीला विचारा की मागच्या वर्षी पाणी कधी आटलं. ते पटलं तर जुलैत महिनाभर राहून या.