मुलाचे घर अर्धवट आणि आम्ही पाहुणे : साताऱ्यातील एका व्हिसा-प्रवास कार्यालयाचा अनुभव

पोवई नाक्याच्या परिसरातील एका व्हिसा-प्रवास कार्यालयामार्फत आम्ही पती-पत्नी गेल्या डिसेंबरात न्यूझीलंडला जाऊन आलो. मुलगा आणि सून ख्राइस्टचर्चजवळ घर बांधत आहेत. मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे नातलगांच्या भेटीपेक्षा ते बांधकाम पाहण्याची ओढ मला अधिक होती, हे आधीच कबूल करतो. साताऱ्यातील ज्या आईवडिलांना मुलांचा "घर चालू आहे तोवरच येऊन जा" असा आग्रह होत असेल, त्यांनी या कार्यालयाकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

कागदपत्रांच्या कामात त्यांना शंभरपैकी नव्वद गुण द्यायला माझी हरकत नाही. दोघांचे मिळून १८,००० रुपये सल्लाशुल्क त्यांनी घेतले. शासकीय शुल्क वेगळे. अर्ज ऑनलाइन भरला जातो आणि सोबतच्या मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे जोडावी लागतात. आमचा सातबारा आणि आठ-अचा उतारा, निवृत्तिवेतनाचा आदेश, बँकेची खातेपुस्तके या सगळ्यांची भाषांतरे त्यांच्याकडील मुलीने चार दिवसांत करून दिली आणि 'जिरायत', 'पोटखराबा' असे शब्द तिने अंदाजाने न उरकता मला विचारून लिहिले. राहण्याच्या खर्चासाठी दरमहा प्रत्येकी १,००० न्यूझीलंड डॉलर, किंवा निवासाचा खर्च आधीच भरलेला असल्यास ४०० डॉलर, आपल्याकडे आहेत हे दाखवावे लागते; त्याऐवजी तेथील नागरिक किंवा कायम रहिवासी असलेला नातलग प्रायोजक होऊ शकतो. मुलगा कायम रहिवासी असल्याने त्यांनी हा दुसरा मार्ग सुचवला आणि त्यामुळे आमची मुदतठेव मोडावी लागली नाही. व्हिसा ईमेलने आला, पासपोर्ट कोठे पाठवावा लागला नाही.

सामानाविषयी त्यांनी दिलेली यादीही चोख होती. महाबळेश्वरचा मध बॅगेत घातलेला असल्यास तो घरीच काढून ठेवा, कारण त्या देशात प्रवाशाला मध नेता येत नाही. कंदी पेढ्यांचा मोह टाळा. चटणी-मसाला न्यायचा तर उतरताना भरायच्या अर्जात तो न चुकता नोंदवा, कारण न नोंदवलेला पदार्थ सापडला तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो. बूट मातीचे असतील तर धुऊन न्या, असे सर्व त्यात लिहिलेले होते. मध बाहेर काढताना पत्नी दोन दिवस नाराज होती, पण विमानतळावर आमच्या पुढच्या कुटुंबाची बॅग टेबलावर उपडी झालेली पाहिल्यावर तिने ती यादी पुन्हा घडी घालून पर्समध्ये ठेवली. विम्याच्या बाबतीत मात्र त्यांनी घाई केली. पाहुण्यांना तेथील सरकारी आरोग्यसेवेचा मोफत लाभ मिळत नाही, हे त्यांनी भीती वाटेल इतके सांगितले. परंतु अपघाताने झालेल्या दुखापतीच्या तेथील उपचारांना तेथील शासकीय अपघात-भरपाई योजना परदेशी पाहुण्यांनाही मदत करते, हे आम्हाला मुलाकडून कळले. माझा रक्तदाब ही जुनी व्याधी असल्याने ती पॉलिसीत धरली आहे की नाही, हा खरा प्रश्न होता. तो मीच विचारला तेव्हा उत्तर मिळाले.

आता मूळ तक्रारीकडे येतो. तारखा ठरवताना कार्यालयाने आम्हाला हवामानाचा तक्ता दाखवला. डिसेंबरात तेथे उन्हाळा असतो, थंडीचा त्रास होणार नाही, म्हणून १४ डिसेंबरला पोहोचून ८ फेब्रुवारीला निघावे, असा त्यांचा सल्ला आम्ही मान्य केला. मुलाचे घर बांधले जात आहे, हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगितले होते. तरी बांधकाम कोठपर्यंत आले आहे, ठेकेदाराचे वेळापत्रक काय आहे, तुम्ही उतरणार कोठे, यांपैकी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्या देशात बांधकाम व्यवसाय नाताळच्या आधी बंद होतो आणि जानेवारीच्या मध्याच्या सुमारास पुन्हा सुरू होतो. आमच्या साइटवर १९ डिसेंबरला कुलूप लागले ते १२ जानेवारीला निघाले. म्हणजे आठ आठवड्यांच्या मुक्कामातील साडेतीन आठवडे आम्ही जाळीच्या कुंपणाबाहेरून उभी लाकडे पाहत होतो. पर्यटकाला हे चालून गेले असते. कार्यालयानेही आम्हाला पर्यटकच धरले होते. दक्षिण बेटाच्या दहा दिवसांच्या सहलीचे पॅकेज त्यांनी तीनदा पुढे केले, तेव्हा मुलगा घरभाडे आणि कर्जाचे व्याज एकाच वेळी भरतो आहे, असे सांगून मला ते थांबवावे लागले.

या चुकीची झळ आमच्यापेक्षा यजमानांना अधिक बसली. मुलाचे भाड्याचे घर दोन खोल्यांचे. एक त्यांची, एक नातवाची, म्हणून आमची पथारी दिवाणखान्यातील सोफा-कम-बेडवर. रात्री नऊनंतरही बाहेर उजेड असल्याने नातू झोपत नसे आणि तो झोपेपर्यंत आम्हालाही आडवे होता येत नसे. शनिवार-रविवार फरशी, नळ, स्वयंपाकघराची कपाटे निवडण्यात जात आणि उरलेल्या वेळेत आम्हाला कोठेतरी फिरवून आणणे हेही त्यांच्याच माथी. सून समजूतदार आहे. एका संध्याकाळी चहा देताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आलात याचा आनंदच आहे, पण चार महिन्यांनी आला असता तर तुम्हाला स्वतःची खोली दाखवली असती." तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती, म्हणूनच ते मनात राहिले.

१२ जानेवारीनंतरचे चार आठवडे मात्र वसूल झाले. ठेकेदाराच्या परवानगीने, हेल्मेट, जाड बूट आणि झगझगीत जाकीट घालून मला दोनदा आत जाता आले. एरवी मालकालाही साइटवर मनाला येईल तेव्हा शिरता येत नाही. सिमेंटच्या स्लॅबवर रेडिएटा पाइनच्या लाकडाची चौकट आणि वर पत्रा, असे ते घर पाहून "हे घर आहे की मांडव?" असे माझ्या तोंडून निघून गेले. पण मी पाटण तालुक्यातला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि दगड-मातीच्या भिंती माणसांवर कशा कोसळतात हे मी पाहिलेले आहे. ख्राइस्टचर्चने २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसे गमावली. तेथेही विटांच्या जुन्या भिंती आणि धुराडी ढासळली, तर हलक्या लाकडी चौकटीची घरे वाकली, तडकली, पण बहुतेक उभी राहिली. हे मुलाने समजावल्यावर मांडव हा शब्द मी मागे घेतला. पाया, चौकट, भिंतीतील प्लंबिंग अशा प्रत्येक टप्प्यावर नगर परिषदेचा निरीक्षक येऊन तपासतो आणि तो पास करेपर्यंत ते काम झाकता येत नाही, आयुष्यभर एम.बी. (झालेल्या कामाच्या मोजमापांची सरकारी नोंदवही) लिहिलेल्या माणसाला याहून सुखद दृश्य नसावे. भिंतीवर पाणी मारणारे कोणीच नाही, याची मात्र मला शेवटपर्यंत चुटपुट लागली. आतले बोर्ड बसण्यापूर्वी पत्नीने देवघराच्या जागेमागील खांबावर कुंकवाने लहानसे स्वस्तिक काढले. सुताराने ते काय आहे हे विचारले आणि तेथे खिळा मारणार नाही, असे सांगितले.

घर एप्रिलपर्यंत पुरे होईल असे दिसू लागल्यावर परतीची तारीख पुढे नेण्यासाठी मी साताऱ्याला फोन केला. आम्हाला दिलेल्या तिकिटात तारीख बदलता येत नाही, नवे तिकीट काढावे लागेल, असे तेव्हा सांगण्यात आले. तिकीट काढताना हा फरक सांगितला असता तर आम्ही थोडे अधिक पैसे आनंदाने भरले असते. फोनवर बोलणारे गृहस्थ साडेसात तासांचा फरक लक्षात न घेता रात्री दोन वाजता परत फोन करत, ती वेगळी गोष्ट.

तरीही पुढच्या अर्जाचे काम मी त्याच कार्यालयाला देणार आहे, कारण कागद त्यांच्याइतके नीट कोणी लावेल असे वाटत नाही. काम नियमाप्रमाणे पूर्ण झाल्याचा अंतिम दाखला नगर परिषदेने दिला, की मुलगा कळवणार आहे. तो निरोप येईपर्यंत तिकिटाची चौकशीसुद्धा करू नका, असे त्यांना लेखी देऊन ठेवले आहे.