घर ते भाजणीची शेड: पॉलिकॅबची आर्मर्ड केबल, ३ कोर ४ स्क्वेअर

इंदूरच्या राजेंद्रनगरात आमच्या बागेच्या पार मागच्या टोकाला माझी शेड आहे. तिथे १ एचपीची घरघंटी, दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा चालतो. श्रावणापासून दिवाळीपर्यंत भाजणी, अनारशाचं आणि थालीपिठाचं पीठ यांच्या ऑर्डरी असल्या की घरघंटी दुपारीसुद्धा बंद नसते. घराच्या मेन बोर्डापासून तिथवर वीज न्यायला पॉलिकॅब कंपनीची तांब्याची आर्मर्ड, म्हणजे चिलखत असलेली केबल घातली. ३ कोर म्हणजे आत फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन तारा, आणि ४ स्क्वेअर म्हणजे प्रत्येकीच्या तांब्याचा छेद ४ चौरस मिलिमीटर. तिने आता एक कडक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा जमिनीत काढला आहे, म्हणून तिच्याबद्दल आणि ती घालण्याच्या कामाबद्दल लिहिते आहे.

आधी एका वायरमनने साधी दोन कोरची वायर पीव्हीसी पाइपात घालून वीतभर खाली पुरायचं सुचवलं होतं. निम्म्याहून कमी खर्चात झालं असतं. मी साफ नको म्हटलं. दोन कोर म्हणजे शेडला अर्थिंग नाही, आणि घरघंटीचं अंग पत्र्याचं. त्यात आमचा माळी दिवसभर अनवाणी, हातात पाण्याचा पाइप घेऊन त्याच मातीत वावरतो. त्याची कुदळ वीतभर खाली रोजच जाते. घुशींनी तर सीताफळाच्या बुंध्याशी बोगदे केलेत, पीव्हीसी पाइप त्यांच्या दाताला किती दिवस टिकणार?

आर्मर्ड केबलमध्ये आतल्या तीन कोरांभोवती जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारांचं चिलखत असतं आणि त्यावर जाड काळं पीव्हीसीचं आवरण. दुकानदाराने तुकडा कापून दाखवला तेव्हा ते स्पष्ट दिसलं. ‘आर्मर्ड द्या’ एवढ्यावर समाधान मानू नका, आवरणावरचं छापील वाचा. माझ्या केबलवर २एक्सडब्ल्यूवाय आहे: २एक्स म्हणजे आतलं इन्सुलेशन एक्सएलपीई या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं, डब्ल्यू म्हणजे गोल तारांचं चिलखत, वाय म्हणजे बाहेरचं पीव्हीसी. सुरुवातीला ए असेल तर आत तांबं नाही, अॅल्युमिनियम आहे. सोबत आयएस ७०९८ हा अशा केबलच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि आयएसआय मार्क हवाच. मीटरचे आकडेही ओळीने छापलेले असतात, त्यामुळे कापून दिलेली लांबी घरी येऊन टेपने मोजावी लागत नाही.

४ स्क्वेअर कशाला, अडीचमध्ये भागेल, असं दोघातिघांनी सांगितलं. हिशेब असा आहे. घर ते शेड ३५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७० मीटर तांबं. घरघंटीची मोटर एकदा फिरायला लागली की पाचेक अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर २५-३० अँपिअर ओढते. ४ स्क्वेअर तांब्याचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम आहे, त्यामुळे त्या क्षणी जवळजवळ १० व्होल्ट पडतात. अडीचमध्ये १५ पडले असते, दीडमध्ये २५. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज आधीच कमी असतं, त्यात २५ गेले की मोटर नुसती घुमते आणि तापते. आणि स्वस्त म्हणून अॅल्युमिनियमची ४ स्क्वेअर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिचा रोध तांब्याच्या अडीच स्क्वेअरएवढाच, ७.४१ ओहम. तांब्याचा भाव सारखा हलतो, म्हणून मीटरचा दर इथे देत नाही. महाग आहे, पण या जागी ती किंमत मला रास्त वाटली.

खणायचं काम दिवाळीनंतर काढलं, तेच बरं. माळव्याची काळी माती भर पावसात चिखल होऊन बसते आणि उन्हाळ्यात दगड. शिवाय ही माती फुगते आणि आकसते. मे महिन्यात आमच्या बागेत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. केबल ताणून सरळ टाकली तर ती ओढ दोन्ही टोकांच्या जोडांवर येते. म्हणून चरात ती थोडी नागमोडी टाकायची आणि दोन्ही टोकांशी एकेक सैल वळण ठेवायचं. वळणही गोल हवं. केबलच्या जाडीच्या बारा पटीपेक्षा लहान वळवू नये असा नियम आहे. आमची केबल साधारण १६ मिलिमीटर जाड, म्हणजे वळणाची त्रिज्या १९-२० सेंटिमीटर. काटकोनात कोंबलीत तर चिलखताच्या तारा आतल्या कोरांना रुततात.

खोली पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट. मजुराला एक फूट पुरेसं वाटत होतं. मी टेप घेऊन चराशीच उभी राहिले आणि कमी भरलं तिथे पुन्हा खणायला लावलं. तळाला चाळलेली वाळू, त्यावर केबल, वर पुन्हा वाळू, मग आडव्या विटा. निम्मी माती भरल्यावर धोक्याची पट्टी, म्हणजे पुढे कधी कुणी खणलं तर आधी पट्टी हाताला येते. फरशीच्या पायवाटेखाली केबल एचडीपीईच्या, म्हणजे जाड चिवट प्लास्टिकच्या पाइपातून नेली. मधे कुठेही जोड नाही, सलग एक तुकडा. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण जमिनीत पाणी शिरतं ते बहुतेक जोडातूनच.

ज्या वायरमनने हे काम केलं त्याचं टोकांचं काम मी जवळ बसून पाहिलं. बाहेरचं आवरण त्याने सुरीने गोल कापून उतरवलं. खालच्या तारांना हॅकसॉने निम्म्यापर्यंतच खाच पाडली आणि मग एकेक तार हाताने मागे-पुढे वाकवून तोडली, म्हणजे आतल्या इन्सुलेशनला पातं लागत नाही. उरलेल्या तारा त्याने पितळी ग्लँडच्या (केबल डब्यात शिरते तिथे तिला घट्ट धरणाऱ्या बुचाच्या) शंकूवर गोल पसरवल्या आणि दोन पान्यांनी ग्लँड आवळला. आता चिलखताची प्रत्येक तार पितळेत घट्ट धरलेली. त्या ग्लँडच्या टॅगवरून त्याने अर्थिंगची तार काढली. पुष्कळ ठिकाणी हा ग्लँड लावतच नाहीत. केबल तशीच डब्याच्या भोकातून आत घालतात आणि चिलखत लोंबत राहतं. मग कुदळ लागून आतली फेज चिलखताला टेकली, तर तो करंट अर्थिंगकडे जाणार कसा?

दुकानातून ग्लँड मात्र मोठ्या मापाचा आला होता आणि केबल त्यात हलत होती. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिला. तुम्ही केबलचा वीतभर तुकडा सोबत नेऊन ग्लँड तिथेच घालून बघा. घ्यायचा तो डबल कम्प्रेशनचा, म्हणजे चिलखत आणि बाहेरचं आवरण दोन्ही आवळणारा. बागेत पाणी आहे, सिंगलवर भागवू नये.

माती लोटण्याआधी वायरमनने मला हाक मारली. “आंटीजी, मिट्टी डालने से पहले देख लो, बाद में तो मेरी बात ही माननी पड़ेगी.” दोन्ही टोकं मोकळी ठेवून त्याने ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र लावलं: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, मग प्रत्येक कोर आणि चिलखत. काटा प्रत्येक वेळी इन्फिनिटीवर. निदान १ मेगओहम तरी यायलाच हवा, नव्या केबलला त्याहून कितीतरी जास्त येतो. या माणसाचं मला सगळ्यात कौतुक वाटलं ते इथे. मेगर स्वतःचा आणणारे वायरमन इंदुरात मला फार भेटलेले नाहीत.

घराकडच्या टोकाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि १६ अँपिअरची सी कर्व्हची एमसीबी (लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की वीज तोडणारा स्विच) आहे. सी कर्व्हची एमसीबी क्षणभराचा जास्त करंट सोसते, म्हणून घरघंटी सुरू होतानाच्या धक्क्याने ती पडत नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण मी महिन्यातून एकदा दाबते. जुलै-ऑगस्टमध्ये बागेत घोट्याएवढं पाणी साचलं होतं, तेव्हा आरसीसीबी एकदाही आपणहून पडली नाही.

त्रास एकच: केबल फार ताठ असते. वेटोळं उलगडायला दोघं धडधाकट माणसं लागतात, आणि शेडचा डबा लहान असेल तर आत कोर वळवायला जागाच उरत नाही. डबा एक माप मोठा आणि आयपी ६५ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारा घ्या. खणाई वायरमनच्या मजुरीत धरलेली नसते, ती वेगळी ठरवून घ्या. चर उघडा असताना कुंपणापासूनचं अंतर टेपसह फोटोत घ्या. शेडमध्ये पुढे वेल्डिंग मशीन किंवा गिझर बसवायचा विचार असेल, किंवा अंतर आमच्यापेक्षा बरंच जास्त असेल, तर ४ वर थांबू नका, वायरमनकडून लोडचा हिशेब करून ६ किंवा १० स्क्वेअर घाला. चर दुसऱ्यांदा खणायची मजुरी तेवढ्या जादा तांब्याहून स्वस्त पडत नाही.