वॉटर क्लॅरिफायर लिक्विड (गढूळ पाणी साफ करणारं औषध): प्लांटेड टँकला, म्हणजे जिवंत झाडं लावलेल्या फिश टँकला, घ्यावं का?

५ पैकी ३ स्टार. छोटा टँक आहे, झाडं जरा हलवली की तळाच्या सॉइलची (मातीची) धूळ उडून पाणी धूसर व्हायचं ते बसायचंच नाही, म्हणून हे घेतलं. काम करतं, खोटं कशाला बोलू. पाण्यातले बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि मग फिल्टरला सापडतात, पण मेख इथेच आहे, फिल्टरमध्ये नुसता जाड स्पंज असेल तर तीच घाण परत फिरून पानांवर जाऊन बसते, तेव्हा बारीक फिल्टर वूल (कापसासारखा थर) घालाच आणि पाणी साफ झालं की काढून टाका. टाकल्यावर थोडा वेळ पाणी उलट जास्तच गढूळ दिसतं, घाबरून परत डोस मारू नका, जास्त झालं तर माशांच्या कल्ल्यांना त्रास होतो आणि छोट्या टँकमध्ये जास्त व्हायला काय लागतं, सिरिंजनेच मोजा.

नवीन टँकमधलं दुधाळ पाणी बहुतेक बॅक्टेरियाचं असतं, त्यावर हे ओतून काही उपयोग नाही, माशांचं खाणं कमी करा, आपोआप जातं. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्याला सरळ यूव्ही दिव्याचा फिल्टर लावा. बाकी बाटलीचं झाकण गळकं आहे, आडवी ठेवू नका.