राकेश मारिया यांचे आत्मकथन आणि त्याचे वाचक

मुंबईचे माजी पोलीस आयुक्त राकेश मारिया यांचे ‘लेट मी से इट नाऊ’ हे इंग्रजी आत्मकथन फेब्रुवारी २०२० मध्ये बाजारात आले, तेव्हा ते हाती पडण्याआधीच पुष्कळ वाचकांचे मत बनून गेले होते. वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी त्यातला एकच भाग उचलून धरला होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात जिवंत पकडलेल्या अजमल कसाबजवळ ‘समीर चौधरी’ या नावाचे बनावट ओळखपत्र होते आणि तो जागीच मारला गेला असता, तर हल्लेखोर हिंदू होते असे जगाला वाटले असते, हा तो भाग. त्यावरून राजकीय पक्षांत जुंपली आणि पुस्तकाची चर्चा तेवढ्यापुरतीच राहिली. वास्तविक ही माहिती नवी नव्हती. ही ओळखपत्रे खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाली होती आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रातही त्यांचा उल्लेख आहे. केवळ त्या खुलाशासाठी पुस्तक विकत घेणाऱ्याचा हिरमोड झाला असेल, तर त्यात लेखकापेक्षा गाजावाजा करणाऱ्यांचा दोष अधिक आहे.

आमच्या वाचनमंडळात या पुस्तकावर सलग दोन बैठका झाल्या. काहींना ते हातचे सोडवले नाही. काहींना ते फार लांबले आहे आणि त्यात ‘मी’ फार आहे असे वाटले. या आक्षेपात तथ्य आहे. सहाशे पानांच्या घरातल्या या ग्रंथात वांद्र्यातले बालपण, कराटेचे वेड, १९८१ च्या तुकडीतून पोलीस सेवेत झालेला प्रवेश हे सारे ऐसपैस येते आणि संपादकाने कात्री अधिक कठोरपणे चालवायला हवी होती, असे मलाही वाटले. मात्र लांबण आणि तपशील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेच्या तपासाची प्रकरणे वाचताना हा फरक स्पष्ट होतो.

त्या वेळी मारिया वाहतूक शाखेचे उपायुक्त होते. २५७ माणसांचे प्राण घेणाऱ्या त्या दिवशी वरळीत एक मारुती व्हॅन बेवारस सापडली आणि तिच्यात शस्त्रे होती. गाडीच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या अल् हुसेनी इमारतीतल्या मेमन कुटुंबाच्या घरी पोहोचले. तिथे स्कूटरची एक चावी मिळाली. इकडे दादरच्या नायगाव भागात स्फोटके भरलेली, पण न फुटलेली एक स्कूटर सापडली होती. ती चावी त्याच स्कूटरला लागली. आज ही हकीकत अनेकांना ठाऊक आहे, तरीही तपास करणाऱ्याच्या तोंडून ती ऐकताना वाचक क्षणभर श्वास रोखून धरतो. धागा किती बारीक होता आणि एखाद्याने ती चावी घरातली कुठली तरी म्हणून बाजूला टाकली असती तर काय झाले असते, हे तिथे नेमके जाणवते.

मंडळातल्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी या प्रकरणावर विचारलेला पहिला प्रश्न असा होता, की चावी लावून पाहताना पंच हजर होते का. इतरांना तो कोरडा वाटला. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटला. आत्मकथनात जे थरारक असते, ते न्यायालयात पंचनाम्याच्या आणि साक्षीच्या आधारावरच उभे राहते. या खटल्यात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालील विशेष न्यायालयाने १०० आरोपींना दोषी ठरवले, पण टाडाच्या कलम १५ प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात असे, हेही वाचकाने विसरू नये. चौकशीच्या खोलीत काय घडले हे आपण येथे फक्त टेबलाच्या एका बाजूने ऐकत आहोत.

हाच प्रश्न कसाबच्या चौकशीच्या प्रकरणांत पुन्हा पुढे येतो. भारतात मुसलमानांना नमाज पढू देत नाहीत, मशिदींना कुलपे लावलेली आहेत, अशी कसाबची पक्की समजूत करून दिलेली होती, आणि मेट्रो सिनेमाजवळच्या मशिदीत चाललेली नमाज प्रत्यक्ष दाखवल्यावर तो गोंधळून गेला, असे मारिया लिहितात. एका माणसाच्या डोक्यात काय भरून त्याला पाठवले होते, हे या छोट्या प्रसंगातून जितके कळते तितके पानभर विश्लेषणातूनही कळले नसते. त्याला जमिनीला कपाळ टेकवून ‘भारत माता की जय’ म्हणायला लावल्याचा प्रसंग मात्र वाचकांत दुफळी पाडतो. मंडळातल्या काहींना त्यात समाधान वाटले. मला वाटले नाही. कोठडीतल्या माणसाकडून वदवून घेतलेले शब्द तपासाला काही देत नाहीत, आणि त्याच अधिकाऱ्याची चिकाटी इतरत्र इतकी दिसत असताना हे पान पुस्तकाला उणेपणा आणते.

सर्वांत गंभीर आक्षेप २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीविषयी आहेत. त्या रात्री सहआयुक्त (गुन्हे) असलेल्या मारियांकडे नियंत्रण कक्षाची जबाबदारी होती, आणि कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तिघे अधिकारी मारले गेले. अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकाराखाली नोंदी मिळवून २००९ मध्ये ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहिले आणि मदत वेळेवर का पोहोचली नाही, हा प्रश्न जाहीरपणे विचारला. एकाच वेळी अनेक ठिकाणांहून संदेश येत असताना त्या कक्षात काय चालले होते, याचे मारियांनी केलेले वर्णन प्रभावी आहे आणि ते नोंदले जाणे गरजेचेच होते. तरीही पतीच्या अखेरच्या मिनिटांचा हिशेब मागणाऱ्या पत्नीचे पुस्तक शेजारी ठेवल्याशिवाय हा भाग वाचू नये, असे माझे ठाम मत आहे. एकाकडे कक्षातून ऐकू आलेली रात्र आहे, दुसरीकडे कागदावर उतरलेल्या वेळा आहेत.

शीना बोरा या तरुणीच्या हत्येचे प्रकरण आणि ८ सप्टेंबर २०१५ रोजी आयुक्तपदावरून झालेली बदली यांवरची पाने मला सर्वांत कमी भावली. अधिकाऱ्याला आपली बाजू मांडण्याचा पूर्ण हक्क आहे, परंतु इथे तपासाच्या कथनाची जागा स्वतःच्या समर्थनाने घेतली आहे आणि भाषेचा सूरही बदलला आहे. ज्यांना सत्तेच्या वर्तुळातले हेवेदावे वाचायला आवडतात, त्यांना हाच भाग सर्वाधिक आवडला, हेही नमूद करायला हवे.

इंग्रजी सोपे असल्यामुळे वाचताना अडखळायला होत नाही. पुस्तकाच्या जाडीने ज्यांना धाक वाटतो, त्यांनी सुरुवातीची प्रकरणे नंतरसाठी ठेवून थेट १९९३ पासून वाचायला घ्यावे आणि हाताशी मुंबईचा नकाशा ठेवावा. वरळी, माहीम आणि नायगाव ही तीन ठिकाणे त्यावर एकदा बोटाने जोडून पाहिली, की त्या पहिल्या काही तासांतली धावपळ डोळ्यांसमोर उभी राहते.