डिस्प्लेवर १५३०, आत १३७०: जुनी सिंटरिंग फर्नेस घेताना मी कशी लुटले गेले

२,८३,२०० रुपये. एका जुन्या सिंटरिंग फर्नेसचे, म्हणजे दातांचे सिरॅमिक क्राउन (टोप्या) भाजून पक्के करणाऱ्या भट्टीचे, मी एवढे पैसे मोजले आणि घरात आलं ते खोटा आकडा दाखवणारं खोकं. सांगली, मिरज, कोल्हापूर पट्ट्यातल्या लहान डेंटल लॅबवाल्यांनी हे नीट वाचावं. त्या माणसाच्या जाहिराती अजून ग्रुपवर फिरतायत. किंमत तेवढी दहा हजारांनी उतरलीय.

आगाऊ घेऊन गायब होणाऱ्यातला हा नव्हता. तो प्रकार तुम्हालाही माहीत आहे, मलाही. त्याची सगळी काळजी घेतली होती. व्हिडिओ कॉलवर मशीन चालू करून दाखवायला लावलं, पक्कं बिल मागितलं, पैसे टप्प्याटप्प्यानं दिले. २५,००० टोकन यूपीआयनं. २,००,००० डिस्पॅचच्या आदल्या दिवशी आरटीजीएस. राहिलेले ५८,२०० गाडीत चढवलेल्या मशीनचा फोटो आल्यावर. मशीन आलं, व्यवस्थित पॅक होऊन आलं, सुरूही झालं. ट्रान्सपोर्टवाल्याला ८,५०० दिले ते वेगळे.

मिलिंग, म्हणजे सिरॅमिकच्या डिस्कमधून क्राउन कापणं, आमच्याकडेच होतं, सिंटरिंगला मात्र केसेस कोल्हापूरला जायच्या. गाडी चुकली की क्राउन उशिरा, डॉक्टरांचा फोन, पेशंटची अपॉइंटमेंट पुढे. नवी चांगली फर्नेस आमच्यासारख्यांना झेपत नाही. अशात ‘रिकंडिशन्ड, १६०० डिग्री, नवे मॉली एलिमेंट, २,४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी’ अशी जाहिरात दिसल्यावर चौकशी करणार नाही असा लॅबवाला मला दाखवा. बोलणारा शुद्ध आपल्याकडचं मराठी बोलत होता. सासुरवाडी तासगावची म्हणाला. “ताई, मशीन घरच्यासारखं वापरलंय, बिनधास्त ऱ्हावा.”

आणि आता ते, जे आठवलं की अजून अंगाची आग होते. पहिल्या कॉलवर त्यानं फर्नेसचं दार उघडून आत टॉर्च मारला. दोन्ही बाजूंना एलिमेंटच्या, म्हणजे भट्टी तापवणाऱ्या, सरळ दांड्या. जाहिरातीतले मॉली, म्हणजे मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे एलिमेंट यू आकाराचे असतात, वरून खाली सोडलेले. सरळ दांडी म्हणजे बहुतेक वेळा सिलिकॉन कार्बाइड. मला हे माहीत आहे, मी या धंद्यात काल आलेली नाही. मी विचारलंसुद्धा, “हे सरळ कसे?” तो म्हणाला, “ताई, नव्या मॉडेलला असेच येतात,” आणि त्याच दमात एक सिंटर केलेला क्राउन चिमट्यात धरून ट्रेवर वाजवला. खणखणीत आवाज. मग लाईटसमोर धरला, सुंदर ट्रान्सल्युसन्ट, खऱ्या दातासारखा अर्धपारदर्शक. मी क्राउन बघत बसले. दांड्या कॅमेऱ्यातून गेल्या त्या गेल्याच. तो क्राउन त्या फर्नेसमधून निघालेलाच नव्हता.

कुणी म्हणेल, तिथेच थांबायचं. पण सिलिकॉन कार्बाइडवाल्या फर्नेस बाजारात आहेत आणि वर्षानुवर्षं नीट चालतात. दांडी सरळ आहे म्हणजे मशीन बाद, असं होत नाही. दुसऱ्या कॉलला डिस्प्लेवर १५३० माझ्या डोळ्यांसमोर होतं. डिस्प्लेचा आकडाच खोटा असेल, हे कोण धरून चालतं?

त्यानं काय केलं होतं ते समजून घ्या. सिलिकॉन कार्बाइडची दांडी जुनी होते तसा तिचा रेझिस्टन्स वाढतो, पॉवर कमी पडते आणि फर्नेस वरच्या तापमानाला पोचेनाशी होते. यातल्या दांड्या संपलेल्या होत्या. त्या बदलायचा खर्च वाचवण्यासाठी त्यानं कंट्रोलरच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे मोजलेल्या तापमानात वरून मिळवायच्या आकड्यात, १६० टाकून ठेवले आणि मेनूला पासवर्ड लावला. आत १३७० झालं की डिस्प्ले १५३० दाखवणार. तापमान आलं असं समजून कंट्रोलर दोन तासांचा होल्ड, म्हणजे तेच तापमान धरून ठेवणं, सुरू करणार. प्रोग्राम पूर्ण, बीप, सगळं झकास.

क्राउनचं सिरॅमिक, म्हणजे झिरकोनिया, मिल होताना मऊ असतो आणि वीस-पंचवीस टक्के मोठा कापला जातो. किती मोठा, तो फॅक्टर डिस्कवर छापलेला असतो, सॉफ्टवेअर त्याच हिशेबानं कापतं. तापमान पुरं मिळालं नाही तर तो तेवढा आकसत नाही, ट्रान्सल्युसन्सी येत नाही, ताकदही येत नाही. पहिले क्राउन खडूसारखे पांढरे निघाले. विक्रेता म्हणाला डिस्क हलकी असेल, म्हणून डिस्क बदलली. १४,४०० रुपयांच्या डिस्क त्यात गेल्या. सिंगल क्राउनमध्ये फरक शतांश मिलिमीटरचा असतो आणि क्राउन चिकटवायला सोडलेल्या सिमेंट गॅपमध्ये तो लपतो, त्यामुळे काही केसेस निघूनही गेल्या. खरं उघडं पडलं ते लांब ब्रिजला, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दातांच्या पट्टीला. पन्नास मिलिमीटरवर एक टक्का कमी आकसला तर अर्धा मिलिमीटर झाला. मॉडेलवर ठेवला की डुगडुगतोय, एका टोकाला मार्जिन, म्हणजे दाताला टेकणारी कड, उघडं. मिरजेच्या एका डॉक्टरांनी फोन केला, “मॅडम, हे मी तोंडात बसवू? उद्या कनेक्टरला, जोडावर तुटलं तर पेशंट माझी कॉलर धरणार.” बरोबरच होतं त्यांचं. त्या फर्नेसमधून गेलेला एकेक क्राउन मी फोन करून परत मागवला. ३१,५०० रुपयांचे रिमेक पदरचे करून दिले. बसवलेला क्राउन कुणाच्या तोंडात फुटला असता तर तो विक्रेता आला असता का उत्तर द्यायला?

शंका आल्यावर मी टेम्परेचर रिंग मागवल्या. या सिरॅमिकच्या रिंगा डिस्कसारख्याच आकसतात. भाजून झाल्यावर मायक्रोमीटरनं व्यास मोजायचा, तक्त्यावरून खरं तापमान कळतं. उत्तर आलं १३७० च्या आसपास. खात्रीसाठी कुपवाड एमआयडीसीत भट्ट्यांचं काम करणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी स्वतःचा बी टाइप थर्मोकपल (तापमान मोजायचा सेन्सर) आत घातला आणि दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. मग कंट्रोलरचा पासवर्ड काढून ऑफसेट दाखवला. त्याचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. जुनी फर्नेस घेणार असाल तर रिंग तुम्ही पाठवा, कॉलवर तुमच्यासमोर आत ठेवायला लावा आणि ती परत मागवून स्वतः मोजा. ऑफसेटचा मेनू कॅमेऱ्यावर उघडायला सांगा. नाही म्हणाला तर फोन ठेवा.

विक्रेत्याला फोन केला तर आधी “तुमच्याकडं व्होल्टेज कमी असेल.” मग “कॅलिब्रेशनचे १८,००० वेगळे पडतील.” मग ब्लॉक. तेव्हा बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला. रद्द झालेला नंबर! म्हणजे जीएसटीचे ४३,२०० सुद्धा त्याच्याच खिशात. जीएसटीच्या साइटवर हे फुकट दिसतं, पैसे देण्याआधी बघा. बिल रंगीत आहे, शिक्का आहे, यावर जाऊ नका.

आता पोलीस ठाणं. पहिला प्रश्न, “मिस्टर कुठायत?” लॅब माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून गेलेले, तरी उत्तर मिस्टरांनी द्यायचं. मग, “मशीन मिळालं न्हवं? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला.” मी ऑफसेटचा व्हिडिओ दाखवला. साहेब म्हणाले, “ह्यातलं आम्हाला काय कळत नाही, तज्ज्ञाचा दाखला आणा.” दाखला आणला. मग म्हणे आरोपी परराज्यातला, तिकडं जाऊन तक्रार द्या. बँकेत गेले तर “तुम्हीच सही केलीय, आम्ही काय करणार?” एका हेल्पलाइनवर सांगितलं की तुम्ही व्यवसायासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. म्हणजे दिवाणी म्हणून पोलीस नको, सही आहे म्हणून बँक नको, धंदा आहे म्हणून ग्राहक नाही. मग माझ्यासारखीनं जायचं कुठं? टेबलामागे बसलेल्या एकानंही कायदा उघडून बघायची तसदी घेतली नाही. मी रात्री बसून वाचला.

जुनं ४२० आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची असते. ‘तिकडं जा’ हे उत्तर कायद्यात नाही. नोंदवत नसतील तर तीच माहिती लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी रजिस्टर एडीनं पाठवली, पावती जपून ठेवलीय. आणि ग्राहक नाही म्हणणाऱ्यांसाठी: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक’ धरत नाहीत, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. माझी तक्रार सांगलीत दाखल आहे.

ऑनलाइन पैसे गेल्याचं त्याच तासात कळलं तर आधी १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा. मला कळेपर्यंत खातं रिकामं झालं होतं.

सगळं धरून ३,३७,६०० गेले. दांड्या आणि थर्मोकपल बदलायचं कोटेशन ६२,००० आलंय, पण तेही करता येत नाही. ऑफसेट काढला, दांड्या बदलल्या की पुरावा गेला. म्हणून फर्नेस आहे तशी सील करून ठेवलीय आणि केसेस पुन्हा कोल्हापूरच्या गाडीनं जातायत. तुमच्याकडेही अशी आली असेल तर कुणालाही मेनूला हात लावू देऊ नका. आधी दोन साक्षीदारांसमोर व्हिडिओ काढा, कंट्रोलरचा सीरियल नंबर त्यात दिसू द्या, मग तक्रार करा.